मांडीच्या मागे दुखतंय – स्नायू, शीर की कंबर?

गोदाकाठचा | २३ मे, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. वय ४४, मुक्काम नाशिकचं इंदिरानगर, नोकरी सातपूर एमआयडीसीत. डाव्या मांडीच्या मागे, अगदी वर, बसताना जिथे घडी पडते तिथे गेले अडीच महिने दुखतंय. फार तीव्र नाही. दाढ दुखायला लागायच्या आधी आतल्या आत ठणकते ना, तसं.

सुरुवात नेमकी कधी झाली तेही सांगता येत नाही. पडलो नाही, आपटलो नाही, उसण भरली नाही. चार वर्षं कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळतोय, कधी काही झालं नाही. यंदा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची फेरी चालत न करता पळत करायची असं आम्ही चौघांनी चहाच्या टपरीवर ठरवलं (असले निर्णय तिथेच होतात) आणि फेब्रुवारीपासून दर रविवारी चामर लेणीकडचा चढ पळायला सुरुवात केली.

आता असं होतं की पहिला किलोमीटर दुखतं, अंग तापलं की नाहीसं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट होऊन येतं. गाडीत वीस मिनिटं बसलो की त्या जागी कुणी खिळा ठेवलाय असं वाटतं. मीटिंगमध्ये मी एका कुल्ल्यावर बसतो. साहेबांना वाटतं याला घरी जायची घाई आहे.

उपाय म्हणून ट्रॅकच्या कठड्यावर पाय ठेवून सकाळ-संध्याकाळ ताण देतो. ताणताना बरं वाटतं, पण दुखणं जागच्या जागी. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर पाच जणांनी पाच रोग सांगितले. कुणाला असा अनुभव आहे का?

पायवाट | २३ मे, रात्री १०:१२

हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू. डोळे झाकून सांगतो. ताण चालू ठेवा, आठ दिवसांत पळाल.

कांदाभजी | २३ मे, रात्री १०:२०

डोळे उघडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अडीच महिने माणूस ताणतोच आहे की.

सातपूरकर | २३ मे, रात्री ११:०५

गोदाकाठचा, कंबर तपासून घ्या. माझंही मांडीच्या मागेच दुखायचं, कंबर अजिबात दुखत नव्हती. त्यामुळे मीही सहा आठवडे मांडीलाच मलम चोळत बसलो. एक दिवस सकाळी दात घासताना शिंक आली आणि कुल्ल्यापासून पार घोट्यापर्यंत करंट गेला. वॉश बेसिन धरून उभा राहिलो, ब्रश तोंडातच. मग डॉक्टरकडे गेलो. कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याची गादी सरकून शिरेवर दाब देत होती. त्यालाच सायटिका म्हणतात.

तुम्हाला शिंकताना, खोकताना, संडासात जोर करताना पायात कळ जाते का? करंगळीकडे मुंग्या, बधिरपणा? असेल तर मांडीचा काही गुन्हा नाही, चोर वर बसलाय.

ऑपरेशनची भीती घालणारे भेटतील. मला दहा आठवड्यांत उतार पडला, ऑपरेशन नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं असंच काही आठवड्यांत आपोआप ओसरतं.

गोदाकाठचा | २४ मे, सकाळी ७:३०

आत्ता मुद्दाम मिरीपूड हुंगून तीनदा शिंकलो. काही नाही. मुंग्या नाहीत. दुखणं गुडघ्याच्या खाली कधीच जात नाही. बायको विचारतेय काय चाललंय.

निफाडचा_बागाईतदार | २४ मे, दुपारी १:१५

भाऊ, आमच्याकडं द्राक्षांच्या एप्रिलच्या खरड छाटणीला माणसं दिवसभर वाकून-उभी राहून काम करतात, सगळ्यांच्याच मांड्या मागून भरून येतात. दोन दिवस दुखतं, तिसऱ्या दिवशी कमी. गरम पाणी, तेल, झोप. एवढं काय त्यात?

चालतीबोलती | २४ मे, रात्री ९:४०

धागा वाचून राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकमध्येच. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण काही गोष्टी वेगळ्या करून सांगते, कारण वरच्या तिघांनी तीन वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल लिहिलंय आणि तिघंही आपापल्या जागी खरे आहेत.

बागाईतदार म्हणतात ते अंग भरून येणं. सवय नसलेलं काम केलं की एक-दोन दिवसांनी सर्वाधिक दुखतं, दोन्ही पायांना दुखतं आणि चार-पाच दिवसांत विरतं. ते दुखणं धाग्यात आणायची गरज नाही.

दुसरं, स्नायू फाटणं. मांडीच्या मागे तीन स्नायू असतात, दोन आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. तिघांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. हे फाटतात तेव्हा माणसाला क्षण आठवतो. "बस पकडायला धावलो आणि मागून कुणी दगड मारला असं वाटलं" हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय. मागे वळून बघतात, कुणीच नसतं. जोरात पळताना बहुतेक वेळा बाहेरचा स्नायू जातो, तोही मांडीच्या मध्यावर. जास्तच फाटला तर दोन-तीन दिवसांनी काळानिळा डाग दिसतो आणि तो गुरुत्वाकर्षणाने खाली गुडघ्यामागे उतरतो, म्हणून लोक गुडघा दाखवायला येतात. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही. कपड्यात गुंडाळून बर्फ, पट्टी आणि सोसवेल तेवढंच चालणं.

तिसरं सातपूरकरांचं. सायटिक नर्व्ह ही शरीरातली सगळ्यात जाड शीर, कंबरेतून निघते आणि मांडीच्या मागून जाते. ओढ बसते कमरेत आणि कळ निघते पायात. उताणं झोपून गुडघा न वाकवता कुणी पाय उचलला आणि साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखालपर्यंत कळ गेली तर संशय पक्का होतो. नुसतं मांडीत ताणल्यासारखं वाटलं तर नाही, ते तर आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

आता गोदाकाठचा यांचं. क्षण आठवत नाही, जागा बोटाने दाखवता येते, बसल्यावर दुखतं, चढ पळायला लागल्यावर सुरू झालं, तापल्यावर थांबतं आणि दुसऱ्या सकाळी परत येतं. या वर्णनात मला चौथं दुखणं दिसतं. ते तिन्ही स्नायू वर एकाच ठिकाणी बांधलेले असतात, आपण ज्या हाडावर बसतो त्या बैठकीच्या हाडाला. त्या बांधणीचा जो दोर, म्हणजे टेंडन, तो झिजून चिडतो. चढ पळताना खुबा जास्त वाकतो, तेव्हा तो दोर हाडावर दाबला जातो. बसलं की वरून वजन येतं, पुन्हा दाबला जातो. आणि कठड्यावर पाय ठेवून वाकलं की, काका, तिसऱ्यांदा दाबला जातो. दिवसातून दोनदा. ताणताना बरं वाटतं ते खरं, पण खाज आलेली जागा खाजवतानाही बरंच वाटतं.

ताणणं आधी बंद करा. मग कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, कारण सायटिक शीर त्या बांधणीच्या अगदी शेजारून जाते आणि कधी कधी दोघंही एकदम तक्रार करतात.

पायवाट | २४ मे, रात्री १०:०२

म्हणजे हॅमस्ट्रिंगच की. मी काय वेगळं म्हटलं?

कांदाभजी | २४ मे, रात्री १०:०५

तुम्ही "ताणा" म्हणालात.

सातपूरकर | २४ मे, रात्री १०:३०

मॅडम, पाकिटाचं काय? मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसल्यामुळे होतं असं मला एकाने सांगितलं होतं. माझ्या पाकिटात तेव्हा सात कार्डं, दोन देवांचे फोटो आणि २०१९ पासूनच्या पेट्रोलच्या पावत्या होत्या.

चालतीबोलती | २४ मे, रात्री १०:४८

होऊ शकतं. कुल्ल्यात खोलवर पिरिफॉर्मिस नावाचा छोटा स्नायू आहे, शीर त्याच्या खालून जाते. एका बाजूला उंच बसून तासन्‌तास गाडी चालवली तर तिथे शीर चिडते. पण हे निदान फार स्वस्त झालंय. कमरेचं आणि बांधणीचं नाही हे आधी बघायचं, मग पिरिफॉर्मिसच्या नावावर खपवायचं. पाकीट पुढच्या खिशात ठेवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पावत्या टाका.

मैदानावरचा_मास्तर | २५ मे, सकाळी ६:१०

शाळेत खेळ शिकवतो, म्हणून एक वेगळी गोष्ट. कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्या भागात आदिवासी पाड्यांवरची पोरं पळायचं स्वप्न उघडपणे बघायला लागली. चांगलंच आहे. पण पोरांच्या मांडीचं दुखणं मोठ्यांसारखं मोजू नका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने शंभर मीटरच्या स्टार्टला उडी घेतली आणि "टक" असा आवाज आला. मला दहा फुटांवरून ऐकू आला. मी म्हटलं स्नायू भरला असेल. स्प्रे मारला, पट्टी बांधली, घरी पाठवला. चौथ्या दिवशीही त्याला बसता येईना. एक्स-रे काढला तर बैठकीच्या हाडाचा तुकडाच स्नायूने ओढून सुटा केलेला. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात हाडाचा तो कोपरा अजून पक्का जुळलेला नसतो. मोठ्यांचा स्नायू फाटतो, पोरांचं हाड उचकटतं. मुलगा आठ महिन्यांनी पळाला. त्या चार दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. तेरा ते सतरा वयाच्या मुलाला असं झालं तर स्प्रे बाजूला ठेवा आणि आधी एक्स-रे काढा.

कुमुदमावशी | २५ मे, दुपारी ३:२०

मी ६९ वर्षांची, पंचवटीत राहते. पळण्याशी माझा संबंध नाही, पण मांडीमागे मलाही दुखतं, दोन्ही बाजूंना. रामकुंडाकडे दर्शनाला निघाले की पाच मिनिटांत मांड्या जड होतात, शिसं ओतल्यासारख्या. कुठेतरी टेकलं की दोन मिनिटांत मोकळं. विचित्र म्हणजे सुनेबरोबर डी-मार्टला गेले आणि ती ट्रॉली ढकलत तासभर फिरले तरी काही होत नाही. सून म्हणते आई, देवळाचा कंटाळा आलाय तुम्हाला.

चालतीबोलती | २५ मे, रात्री ९:१५

मावशी, सुनेला सांगा की ट्रॉलीनेच अर्धं निदान केलंय. ट्रॉलीवर आपण पुढे वाकून रेलतो. वयानुसार मणक्यातली शिरांची वाट अरुंद होते. सरळ उभं राहिलं की ती आणखी आवळते, वाकलं की मोकळी होते. म्हणून बसल्यावर बरं वाटतं, चढ चढणं उतरण्यापेक्षा सोपं जातं, सायकल चालते पण चालणं नको वाटतं. अस्थिरोग तज्ज्ञांना हेच सगळं, ट्रॉलीसकट, सांगा.

याच्याशी गल्लत होणारं एक दुखणं आहे. पायाच्या धमन्या चोंदल्या तरी ठरावीक अंतर चाललं की दुखतं. फरक असा की तिथे नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, वाकावं किंवा बसावं लागत नाही. जास्त करून पोटरीत, पण अडथळा वर पोटात असेल तर मांडीत आणि कुल्ल्यात. विडी, तंबाखू, मधुमेह असणाऱ्यांनी हे कमरेचंच असं धरून बसू नये. घोट्याचं आणि दंडाचं रक्तदाब एकमेकांशी ताडून पाहतात, साधी तपासणी आहे.

निफाडचा_बागाईतदार | २६ मे, रात्री ८:३०

मी वर "तेल, झोप" लिहिलं होतं. आज दुसरं लिहितो.

परवा धागा घरी वाचून दाखवला तर आई म्हणाली, तुझ्या बापाचं सांग ना. मागच्या वर्षी वडील सोलापूरच्या पाहुण्यांकडून आले, आठ-नऊ तास एकाच सीटवर. दुसऱ्या दिवशी उजवी मांडी मागून दुखायला लागली, पोटरीपर्यंत. आम्ही म्हटलं प्रवासानं आखडली. चोळणारा माणूस बोलावला. त्यानं दोन दिवस तेल लावून मस्त रगडलं. तिसऱ्या दिवशी पाय एवढा सुजला की पायजमा चढेना, हात लावला तर गरम. दुसरा पाय एकदम नॉर्मल. पिंपळगावला नेलं, तिथून नाशिकला. सोनोग्राफीसारखी डॉपलर केली, तर मांडीच्या आतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ.

डॉक्टरनं विचारलं चोळलं का. आम्ही हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं तोंड मी विसरणार नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर माणूस गेला असता. रक्त पातळ करायच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या. वडील आता बागेत आहेत, घड मोजतात आणि शिव्या देतात, म्हणजे बरे आहेत.

एक पाय सुजला, गरम लागला आणि त्याआधी लांबचा प्रवास, ऑपरेशन नाहीतर प्लास्टर झालेलं असेल, तर तेलाची बाटली कपाटात ठेवा भाऊ.

चालतीबोलती | २६ मे, रात्री ९:००

बागाईतदार, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. यात सोबत धाप लागली, छातीत दुखलं तर दवाखाना शोधत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी.

आणि एक धोक्याची खूण कमरेकडून येणाऱ्या दुखण्यात: दोन्ही पायांत कळा, लघवी अडकणं किंवा न कळता होणं, आणि सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर होणं. त्या रात्रीच जायचं. सकाळची अपॉइंटमेंट घ्यायची नाही.

अनुभवी_आजोबा | २७ मे, सकाळी ५:४५

आमच्या वेळी ही दुखणी नव्हती. आम्ही पांडवलेण्याच्या पायऱ्या अनवाणी चढायचो.

कांदाभजी | २७ मे, सकाळी ९:१०

आजोबा, तुमच्या वेळी दुखणी होती, धागे नव्हते.

गोदाकाठचा | ९ जून, रात्री १०:३०

अपडेट. अस्थिरोग तज्ज्ञांकडे गेलो होतो. त्याआधी एका ठिकाणी गेलो होतो तिथे पायाला हातही न लावता एमआरआय लिहून दिला होता, तो काढला नाही. यांनी बोटाने बैठकीच्या हाडावर दाबलं आणि मी टेबलवरून उठून बसलो. कंबर, खुबा, पाय उचलून बघणं सगळं झालं. बांधणीचंच निघालं. म्हणाले कमरेचा एमआरआय काढला असता तर चाळिशीत एखादी गादी फुगलेली दिसलीच असती, ती काहीही न दुखणाऱ्या माणसांच्याही दिसते, आणि मग आपण चुकीच्या चोराला पकडून बसलो असतो.

आता फिजिओ. पहिले पंधरा दिवस नुसतं उताणं झोपून, टाचा टेकवून कंबर उचलायची आणि ४५ सेकंद धरायची, पाच वेळा. पळणं पूर्ण बंद नाही, पण चढ बंद आणि वेग बंद. एक वही दिलीय. रोज सकाळी उठल्यावर दहापैकी किती दुखतं तो आकडा लिहायचा. तीनपर्यंत चालेल, वर गेला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. गाडीच्या सीटवर टॉवेलची गुंडाळी मांडीखाली ठेवतो, हाड अधांतरी राहतं. त्रिमूर्ती चौकातल्या खड्ड्यांना मात्र टॉवेल पुरत नाही.

किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले, दिवस नाही, महिने विचारा. तीन ते सहा.

पायवाट | ९ जून, रात्री १०:४५

सहा महिने? म्हणजे श्रावण गेला.

मैदानावरचा_मास्तर | १० जून, सकाळी ६:००

दोराचा रक्तपुरवठा कमी, म्हणून वेळ लागतो. पुढे गुडघ्यावर बसून, कुणीतरी घोटे धरून, हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम देतील, नॉर्डिक म्हणतात. माझ्या पोरांना आठवड्यातून दोनदा करायला लावतो. फुटबॉलवाल्यांमध्ये त्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यापर्यंत कमी होतात. पण पहिल्या दिवशी दोन-तीनच. मी हौसेने दहा केले होते आणि दोन दिवस जिना उलटा उतरलो.

कुमुदमावशी | २ जुलै, सायंकाळी ५:००

दाखवून आले. मणक्याचीच वाट अरुंद आहे. वाकून करायचे व्यायाम दिलेत. दर्शनाला आता नातवाची जुनी बाबागाडी ढकलत जाते, त्यात पूजेचं साहित्य ठेवते. रामकुंडापर्यंत एकदाच थांबते. लोक गाडीत वाकून बाळ बघतात, आत नारळ असतो.

गोदाकाठचा | १४ सप्टेंबर, रात्री ९:२०

फेरी झाली. पळत नाही, चालत. लहान फेरी, वीसेक किलोमीटर. बाकीचे तिघे पळाले, दोघे तासभर आधी पोचले, तिसऱ्याला मी वाटेत एका दगडावर बसलेला गाठला, पोटरीत गोळे आले होते. रात्रभर पाऊस, चिखल, हजारो माणसं, "बम बम भोले". चढाला लहान पावलं टाकली, आजूबाजूच्या आज्याही पुढे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी वहीत तीन लिहिले, तिसऱ्या दिवशी दोन.

आता एका पायावर कंबर उचलणं, वजन घेऊन वाकणं, स्टुलावर चढणं इथपर्यंत आलोय. मीटिंगमध्ये दोन्ही कुल्ल्यांवर बसतो. साहेबांनी विचारलं, आता घाई नसते का?

आज सकाळी ट्रॅकवर एक काका कठड्यावर पाय ठेवून जीव खाऊन ताणत होते. राहवलं नाही, जवळ जाऊन विचारलं, काका, नक्की कुठे दुखतं? त्यांनी पोटरी दाखवली. मी नमस्कार करून पुढे निघालो.

कांदाभजी | १४ सप्टेंबर, रात्री ९:३१

पोटरीचा धागा वेगळा काढा.